मदत हवी आहे : जर्मनीत शिकताना पासपोर्ट आणि निवास परवाना एकाच दिवशी संपत आहेत

नमस्कार. मी जर्मनीतील सॅक्सनी राज्यात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. माझा पासपोर्ट बाबांच्या आग्रहामुळे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर काढलेला आहे. त्या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मिळू शकतो, म्हणून तो १७ फेब्रुवारी २०२६ पर्यंत वैध आहे. फोटोत मी तेल लावून चापून भांग पाडलेला शाळकरी मुलगा आहे. विमानतळावरचे अधिकारी तो फोटो आणि माझी आताची दाढी यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहतात.

अडचण अशी की, येथे निवास परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. माझा अभ्यासक्रम सप्टेंबरपर्यंत असूनही परवान्याच्या कार्डावर तीच १७ फेब्रुवारी छापलेली आहे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून पासपोर्टचे नूतनीकरण करता येते हे मला ठाऊक होते, पण प्रबंधाच्या नादात मी ते पुढे ढकलत गेलो, हा दोष माझाच. आता नोव्हेंबर संपत आला आहे.

बर्लिनच्या भारतीय दूतावासात करावयाच्या अर्जाला निवास परवान्याची प्रत जोडावी लागते, आणि परवाना वाढवायचा तर नवा पासपोर्ट हवा. म्हणून आधी पासपोर्ट, मग परवाना, हा क्रम मी ठरवला आहे. परंतु पोलीस पडताळणी लांबली आणि नवा पासपोर्ट १७ फेब्रुवारीपर्यंत हाती आला नाही, तर काय करावे? मुदत संपण्यापूर्वी परवाना वाढवण्याचा अर्ज केल्यास जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू मानला जातो आणि तसे प्रमाणपत्र मिळते, ज्याला येथे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. मात्र पासपोर्ट नूतनीकरणाची केवळ पावती जोडून केलेला असा अर्ज कोणाचा स्वीकारला गेला आहे का? आमच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयाला मी तीन ईमेल पाठवले, तिन्हींना एकच स्वयंचलित उत्तर आले. विद्यापीठातील माझे हिवीचे, म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचे, काम फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे आणि कंत्राट वाढवण्यासाठी तेथेही वैध परवान्याची प्रत मागितली आहे. खर्चाची तरतूद दाखवण्यात अडचण नाही. दरमहा ९९२ युरोंच्या हिशेबाने श्पेरकोन्टोत, म्हणजे खर्चासाठी राखून ठेवलेल्या गोठवलेल्या बँक खात्यात, रक्कम आहे.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. जुन्या पासपोर्टवर सांगलीतील भाड्याच्या घराचा पत्ता आहे, आणि आई-बाबा गेल्या वर्षी पुण्यात राहायला गेले. अर्जात पुण्याचा पत्ता दिला तर पडताळणी तेथील पोलीस ठाण्याकडे जाईल, असे मी समजतो. तेथे शेजाऱ्यांनी मला कधी पाहिलेलेही नाही. ज्यांनी परदेशातून पत्ता बदलून नूतनीकरण केले, त्यांच्या घरच्यांना कोणती कागदपत्रे दाखवावी लागली?

शेवटचे, ताईचे लग्न मार्चमध्ये आहे. जर्मनीच्या निवास कायद्यातील कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाखालील फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग प्रमाणपत्र असेल तर प्रवास करून परत येता येते, तिसऱ्याखालील असेल तर नाही, एवढे मी वाचले आहे. हे प्रमाणपत्र, मुदत संपलेले कार्ड आणि नवा पासपोर्ट घेऊन मुंबईहून परतलेले कोणी येथे आहे का? विमान कंपनीच्या खिडकीवर तो कागद मान्य झाला का, की समजावत बसावे लागले? तिकीट काढण्यापूर्वी मला एवढे कळले तरी पुरे.