गरिबी हे पूर्ण उत्तर नाही

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळंतिणी जास्त दगावतात, कारण त्या गरीब आणि कमी शिकलेल्या असतात. हे मला मुळीच पटत नाही. २००७ ते २०१६ या काळातल्या नोंदी सांगतात की पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होता. २०२३ मध्ये दर लाख जन्मांमागे मातामृत्यू होते कृष्णवर्णीयांत ५०.३ आणि गोऱ्यांत १४.५.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये सिझेरियननंतर तिला धाप लागली. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास तिला आधीही झाला होता, म्हणून सीटी स्कॅन करा असं तिने स्वतः सांगितलं. नर्सला वाटलं, औषधांमुळे ही गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, मग स्कॅन, आणि गुठळ्या सापडल्या. पैसा, प्रसिद्धी सगळं असलेल्या बाईला हट्ट धरावा लागतो, तर बाकीच्यांचं कोण ऐकणार?

उपाय होतायत. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांनी बाळंतपणातला रक्तस्राव अंदाजाने न ठरवता मोजायला सुरुवात केली, ठरलेल्या पायऱ्या पाळल्या; २००६ ते २०१३ मध्ये तिथले मातामृत्यू निम्म्यावर आले. पण वर्णावर आधारित दरी तिथेही उरलीच. मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बाळंतपणानंतरचं संरक्षण पूर्वी साठ दिवसांत संपायचं, आता बहुतेक राज्यांत वर्षभर मिळतं. माझ्या मते हा सर्वांत मोलाचा बदल आहे, कारण बरेच मृत्यू बाई घरी गेल्यावर होतात.