बडोद्यातील जुन्या पेठांची ओळख
प्रश्न: माझी भाची सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकण्यासाठी येत असून तिला मॉलपेक्षा जुन्या पेठा पाहावयाच्या आहेत. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १: १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटपासून करावी, चित्रे काढणाऱ्या मुलीला तेथील फुले, भाज्या आणि ती राजेशाही इमारत एकाच फेरीत पाहावयास मिळतील. पुढे मंगळ बाजारात कापड घ्यावे, मात्र पहिल्याच भावाला होकार देऊ नये.

प्रतिसाद २: खाण्याचे राहिलेच की! सेव-उसळ सर्वत्र मिळते, परंतु बटाट्याचा कीस आणि चणाडाळ यांचा, हिरव्या मिरचीचा, किंचित गोडसर आणि मुद्दाम ओलसर ठेवलेला लीलो चिवडा थोडाच घ्यावा, कारण तो फार टिकत नाही.

प्रतिसाद ३: दांडिया बाजारात मराठीतही भाव करता येतो.