बारा-बारा तासांचं अंतर नको
दिवसातून दोनदा लिहिलेली गोळी बारा-बारा तासांनी घ्यायची असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते साध्या (हळूहळू विरघळणाऱ्या नव्हे) आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटला, म्हणजे हृदयामुळे छातीत दुखू नये म्हणून देतात त्या नायट्रेट गटातल्या गोळीला, लागू नाही हो. बाबांना २० मिग्रॅ सकाळी ८ आणि दुपारी ३ ला लिहून दिलेली, आई दुसरी गोळी रात्री जेवणानंतर द्यायची आणि महिन्याभरात जिना चढताना परत छातीत दाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले रोज रात्रीचे काही तास नायट्रेटशिवाय गेले नाहीत तर शरीराला सवय होते, गोळी लागूच पडत नाही. आता आईने पाकिटावर पेनने मोठा ३ काढलाय. मनाने एकदम बंद मात्र करू नका, आणि व्हायग्रासारखी गोळी यासोबत चुकूनही नको, बीपी धोकादायक खाली जातं, लाजून डॉक्टरांपासून लपवू नका प्लीज.