वजन-माप घेतलं तरी ध्वनीची गरज का?
वर एकांनी विचारलंय, की अणुभट्टीच्या इंधनाच्या गोळीची घनता वजन-मापावरून कळतेच, मग अल्ट्रासोनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने केलेली) तपासणी कशाला? मी भोसरीत फोर्जिंगची (ठोकून घडवलेल्या धातूच्या भागांची) अशीच तपासणी करतो, म्हणून लिहितो.

घनता म्हणजे नुसती सरासरी. गोळी ज्याची असते त्या युरेनियम डायऑक्साइडची सैद्धांतिक, म्हणजे एकही छिद्र नसतानाची, घनता १०.९६ ग्रॅम प्रति घनसेंमी. भाजून भट्टीतून निघालेली गोळी साधारण त्याच्या ९५ टक्के घनतेची असते. पण उरलेली छिद्रं गोल आहेत की चपटी, हे तराजू सांगत नाही. ध्वनीचा वेग सांगतो, कारण घनता तीच असली तरी चपट्या छिद्रांनी तो जास्त घटतो. शिवाय अनुतरंग (कण लहरीच्या दिशेनेच हलतात ते) आणि अवतरंग (कण आडवे हलतात ते), दोन्ही लहरींचे वेग मोजले की घनता धरून यंगचा मापांक, म्हणजे पदार्थाचा ताठपणा, मिळतो. ५ टक्के सच्छिद्रतेने हा मापांक १० टक्क्यांहून जास्त घसरतो!

वेग काढायचा तर ध्वनी पार जाऊन परतायला लागणारा वेळ मोजावा लागतो, आणि अवघड आहे ते हेच. आमच्याकडे २५ मिमी पोलादी ब्लॉकला जेल लावून प्रोब टेकवला की प्रतिध्वनी साडेआठ मायक्रोसेकंदांत येतो. १ सेंमीच्या गोळीत सुमारे ४. तिथे जेलचा थर जाड झाला, दोन टोकं समांतर नसली, की आकडा बिघडलाच. अणुभट्टीतून आलेली गोळी तर तडकलेली, आणि काम हॉट सेलमध्ये (किरणोत्सारापासून बचावाच्या जाड भिंतींच्या बंद खोलीत), यांत्रिक हातांनी.