‘बँक’ आणि ‘क्रेन’ यांचे अनेकार्थ एकाच जातीचे आहेत का?

ठाण्यातील शिक्षिका (धागाकर्ती): इंग्रजी शिकवताना हे दोन्ही शब्द ‘अनेकार्थी शब्द’ या एकाच मथळ्याखाली दिले जातात, याला माझा आक्षेप आहे. क्रेन म्हणजे आधी क्रौंच पक्षी. त्याच्या लांब मानेवरून ओझी उचलणाऱ्या यंत्राला ते नाव मिळाले, आणि हे रूपक इतके जुने आहे की ग्रीकमधील ‘गेरानोस’ हा शब्दही पक्षी व यंत्र या दोहोंसाठी वापरला जात असे. बँकेचे तसे नाही. पैशांची बँक इटलीतील सराफाच्या बाकावरून आली, तर नदीचा काठ या अर्थाची बँक स्कँडिनेव्हियन भाषांतून. पहिल्या ठिकाणी एका शब्दाचा अर्थ विस्तारला. दुसऱ्या ठिकाणी दोन शब्द उच्चाराने एकत्र आले.

ऐरोलीकर: असहमत. इटालियन ‘बांका’ हा शब्दच जर्मानिक भाषांतून उसना घेतलेला आहे आणि व्युत्पत्तिकार काठ व बाक यांना एकाच मुळाशी नेतात. तेव्हा इतिहासाच्या कसोटीने बँकही एकच शब्द ठरते. शिवाय बोलणारा इतिहास डोक्यात घेऊन बोलत नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाची क्रेन रोज पाहणाऱ्या मुलाने क्रौंच पाहिलेला नसतो. (खाडीवर येतात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो; त्यांचा गणच वेगळा.) त्याला यंत्र आणि पक्षी हे काठ आणि पेढी यांच्याइतकेच परके.

धागाकर्ती: त्या मुलाला क्रौंचाचे चित्र दाखवा, नाते त्याला आपोआप दिसेल. काठ आणि पेढी यांची चित्रे शेजारी ठेवून काय दिसणार? मूळ कितीही खोलवर एक असले, तरी इंग्रजीत हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळे अर्थ घेऊन आले.

वाशीतील भाषांतरकार: शब्दांची नव्हे, अर्थांच्या जोड्यांची वर्गवारी करावी. ‘ब्लड बँक’ची आपण रक्तपेढी केली, कारण साठ्याचा अर्थ पैशांच्या बँकेतूनच पुढे गेला, नदीची पेढी मात्र कोणी म्हणत नाही. एकाच ‘बँके’त जुळलेले आणि तुटलेले असे दोन्ही प्रकारचे अर्थ नांदतात.

ऐरोलीकर: मग हीच कसोटी क्रेनलाही लावा. यंत्रासाठी मराठीत ‘यारी’ हा शब्द आहे, क्रौंच कोणी म्हणत नाही. म्हणजे भाषांतरावरून ठरवायचे झाले, तर धागाकर्तींची एकसंध क्रेनही दुभंगते.