मदत हवी आहे: वापरलेल्या सेलचा डबा गरम झाला, हे सेल ठेवायचे कसे आणि द्यायचे कुठे?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं आणि पावणेदोन वर्षांची लेक. परवा संध्याकाळी फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायला गेले, तर तो तळाशी चांगलाच गरम लागला. तिथे ना ऊन येत, ना जवळ गॅस. उघडून पाहिलं तर आत अप्पांनी (सासरे) सात-आठ वर्षं साठवलेले वापरलेले सेल. रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, वजनकाट्यातल्या चपट्या टिकल्या आणि भजनी मंडळाच्या माइकमधले नऊ व्होल्टचे चौकोनी सेल. त्यातल्या एका चौकोनी सेलच्या दोन्ही टोकांवर एक टिकली आडवी पडली होती. सेल हातात धरवेना. चिमट्याने उचलून अंगणातल्या फरशीवर नेऊन ठेवला.

अप्पांना मी काही बोलले नाही. सेल उकिरड्यावर जाऊ नयेत एवढ्याच काळजीने त्यांनी ते जपून ठेवले होते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच फळीच्या खाली लेक खेळत असते.

आता अडचण अशी. भंगारवाला म्हणतो, यातून काही निघत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, टाका कचऱ्यात, सगळे तेच करतात. आमच्या घंटागाडीवरच्या मावशी उघड्या हातांनी कचरा निवडतात, त्यांच्या हाती हे द्यायला माझं मन होत नाही. काही सेलमधून पांढरी भुकटी बाहेर आली आहे, ती कशाने पुसू? शिवाय कपाटात एक पॉवर बँक फुगून वाकडी झालेली सापडली. तिचं काय करू?

वायरमनकाका

रानजाई ताई, डबा वेळेत हाती लागला हे फार बरं झालं. पस्तीस वर्षं वीजकाम करतोय म्हणून सांगतो, आपण ज्याला संपलेला सेल म्हणतो तो पुरता संपलेला नसतो. माइकचे सेल तर कार्यक्रमात मध्येच आवाज जायला नको म्हणून अर्धे भरलेले असतानाच बदलतात. चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला. त्यांवर किल्ली, नाणं, टिकली, काहीही धातूचं आडवं पडलं की शॉर्ट होतो आणि सेल तापतो. जवळ कागद, कापूस असेल तर पेटतोसुद्धा. पत्र्याचा डबा म्हणूनच नको.

आज एवढं करा. चौकोनी सेलच्या दोन्ही टोकांवर काळी इन्शुलेशन टेप लावा. टिकल्या एकेक करून चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबून बंद करा. रिमोटच्या पेन्सिल सेलच्या टोकाला टेपचा तुकडा पुरे. मग सगळे कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत. श्रीखंडाचा डबा चालेल, पण त्यावर ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी खायचं काही असेल म्हणून उघडेल.

पांढरी भुकटी बहुधा अल्कलाइन सेलची असणार. आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून हवेत सुकला की असा थर धरतो. कातडीला आणि डोळ्यांना वाईट, नखाने खरवडू नका. हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडं करा. पाझरलेले सेल वेगळ्या पिशवीत.

पॉवर बँक चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. कोरड्या वाळूत, घराबाहेर, सावलीत ठेवा.

चिमणघर

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. माझं सांगणं फक्त टिकल्यांबद्दल. बाळाने टिकली गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. वापरून झालेल्या टिकलीनेही. सुरुवातीला मूल नुसती लाळ गाळतं, खात नाही, किरकिरतं, आणि घरच्यांना वाटतं दात येताहेत. शंका जरी आली तरी ओकारी काढू नका, तडक एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि टिकलीचा संशय आहे हे तिथे पोचताक्षणी सांगा. वजनकाटा, छोटे रिमोट, आवाजाची खेळणी, सगळ्यांची झाकणं स्क्रूने बसतात ना, ते आजच बघा.

कऱ्हाकाठ

कुठे द्यायचे त्याबद्दल. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी छोटे सेलही कक्षेत आणले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आपलं काम वेगळे ठेवून देण्याचं. त्यामुळे नगरपालिकेच्या आरोग्य विभागात लेखी विचारा, तोंडी विचारलं की उत्तर हवेत विरतं.

पुण्याला येणं-जाणं असेल तर तिथे ‘पूर्णम इकोव्हिजन’ आणि ‘स्वच्छ’ या संस्था ई-कचरा घेतात. सुटे सेल घेतात का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर ती यात मिसळू नका, नवी घेताना दुकानदार जुनी पैसे वजा करून घेतो.

रानजाई

तिघांचे मनापासून आभार. काल दुपारी अप्पा आणि मी व्हरांड्यात बसून एकेका सेलला टेप लावली. एकशे बारा निघाले. टिकल्या अप्पांनी स्वतः मोजल्या, एकोणीस. लेकीच्या बोलणाऱ्या पोपटाच्या पोटाचा स्क्रू गायब होता, तो पोपट सध्या माळ्यावर आहे. अप्पा उद्या नगरपालिकेत अर्ज देणार आहेत आणि भजनी मंडळातही सांगणार आहेत.

फक्त एक राहिलं. पुण्याला एसटीने जातो आम्ही. पॉवर बँक सोबत न्यावी का?

वायरमनकाका

फुगलेली एसटीत नको, ताई. गर्दीत पिशवी दाबली जाते. टेप लावलेले सेल न्या. पॉवर बँकेसाठी आधी पुण्यातल्या त्या संस्थांना फोन करा, घेतो म्हणाले तर कोणाच्या तरी गाडीतून, वाळूच्या डब्यासकट.