बसिंगच्या काळातल्या पालक समित्यांना खरंच काही अधिकार होते का?

लेक्सिंग्टनवासी:
नमस्कार मंडळी. आम्ही हल्लीच पुण्याहून बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला आलो. मुलगी चौथीत आहे. शाळेच्या स्कूल कौन्सिलवर पालकांची एक जागा रिकामी आहे आणि मला उभी राहा म्हणतायत. तिच्या वर्गात बोस्टनहून मेटकोच्या (शहरातली मुलं उपनगरातल्या शाळांत आणणारी योजना) बसने येणारी मुलं आहेत. त्याबद्दल वाचता वाचता बोस्टनमधल्या 1974 च्या बसिंगपर्यंत पोचले, म्हणजे काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवणं. त्या बसवरच्या दगडफेकीचे फोटो सगळीकडे सापडतात, पण कोर्टाने पालकांच्या समित्या नेमल्या होत्या हे कुठेतरी एका ओळीत उरकलेलं. त्या करायच्या काय? कुणी जुनं माणूस आहे का इथे?

ब्रायटनची मावशी:
आहे की! ऐंशीच्या दशकात माझी मुलं बोस्टनच्या सरकारी शाळेत होती आणि मी अशा एका समितीवर होते. शाळेचं नाव घेत नाही.

आधी गल्लत दूर करते. मेटको वेगळं, बसिंग वेगळं. मेटको 1966 चं, ऐच्छिक. सात उपनगरांनी 220 मुलं घेतली, त्यात तुझं लेक्सिंग्टनही होतं. बसिंग हा कोर्टाचा हुकूम. बोस्टनच्या स्कूल कमिटीने, म्हणजे शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, काळ्या आणि गोऱ्या मुलांना जाणूनबुजून वेगळं ठेवलं, असा निकाल न्यायाधीश गॅरिटींनी 21 जून 1974 ला दिला. साधारण महिनाभराने सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांना अशा हुकमांतून जवळजवळ मोकळंच सोडलं. त्यामुळे इथेही सगळा भार शहरातल्या रॉक्सबरी आणि साउथ बोस्टनसारख्या गरीब वस्त्यांवर आला. सुखवस्तू उपनगरं बाहेरून गंमत बघत राहिली, हे माझं मत. कुणाला राग आला तर येवो.

आता समित्या. गॅरिटींची पंचाईत अशी की ज्या स्कूल कमिटीला दोषी ठरवलं, हुकूम अमलात आणायचा तिच्याच हातून. मग वर्गात काय चाललंय ते कळणार कसं? म्हणून पहिल्याच वर्षी शाळांमध्ये पालक परिषदा आल्या. काळ्या पालकांनी काळे प्रतिनिधी निवडायचे, गोऱ्यांनी गोरे. अनेक गोऱ्या पालकांनी मतदानाकडे पाठच फिरवली. 1975 मध्ये त्यावर विभागांच्या समित्या, मग शहराची समिती, शिवाय 42 जणांची सिटीवाइड कोऑर्डिनेटिंग कौन्सिल. आम्ही कोण? तर ‘इतर अल्पसंख्य’. पोर्तो रिकोची, चीनची आणि नागपूरची मी, सगळ्या एकाच रकान्यात. मीटिंगमध्ये तिघींना तीन दुभाषे लागायचे, माझं इंग्रजी बरं असूनसुद्धा. बोस्टनचे उच्चार!

काम अगदी रुक्ष होतं. बस किती उशिरा आली, कुठल्या मजल्यावरचं स्वच्छतागृह बंद आहे, स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात कोणाची मुलं जास्त, निलंबन कोणाचं होतं. हा शेवटचा आकडा मागितला की मुख्याध्यापकांना हटकून फोन यायचा. आमच्या हाती हुकूम देण्याची ताकद शून्य. पण आमचा कागद वर कोर्टापर्यंत जाऊ शकतो हे त्यांना ठाऊक होतं. हेच न्यायाधीश साउथ बोस्टन हायस्कूल स्वतः पाहून आले होते, आणि विद्यार्थ्यांच्या साक्षींनंतर डिसेंबर 1975 मध्ये ती शाळा त्यांनी ताब्यात घेतली होती. त्या धाकावर आमचं चालायचं. पुढे 1982 च्या अखेरीस देखरेख राज्याच्या शिक्षण मंडळाकडे गेली, 1985 मध्ये गॅरिटी बाजूला झाले. आम्ही तेच आकडे मागत राहिलो, उत्तर यायचं ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’.

नाशिकचा बाप:
मावशी, शेवटची ओळ वाचून हसू आलं. आमच्याकडे आरटीईमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या महिला. पण मेख बघा. 25 टक्के राखीव जागांवर गरिबांची मुलं जातात खासगी विनाअनुदानित शाळांत, आणि समितीची सक्ती नेमकी त्याच शाळांना नाही! त्या मुलाला मागच्या बाकावर बसवलं, सहलीला नेलं नाही, तर बघणार कोण?

ब्रायटनची मावशी:
अगं बाई, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे प्रवेशापुरता कायदा, पुढचं रामभरोसे.

लेक्सिंग्टनवासी:
मावशी, पण माझ्या कौन्सिलच्या मागे तर कोर्टही नाही. मग उभी राहू की नको?

ब्रायटनची मावशी:
राहा. तुमची कौन्सिल 1993 च्या राज्याच्या कायद्याने आलेली, काम सल्ल्याचं. पण शाळेच्या सुधारणा आराखड्यावर आणि बजेटवर तिथे बोलता येतं, आणि बैठक सगळ्यांना खुली असते. मेटकोची किती मुलं वरच्या गणिताच्या गटात आहेत ते विचार. शाळेनंतरच्या नाटक-खेळासाठी थांबलेल्यांना घरी न्यायला उशिराची बस आहे का ते विचार. उत्तर तोंडी घेऊ नकोस, इतिवृत्तात लिहून घे. आणि बैठक संध्याकाळी लेक्सिंग्टनातच ठेवली तर बोस्टनातल्या डॉर्चेस्टरची आई यायची कशी? ऑनलाइन ठेवा म्हणावं, नाहीतर अधूनमधून बोस्टनात भरवा. तिकडच्या एखाद्या पालकालाही उभं राहायला सांग, तू एकटी त्यांच्या वतीने किती बोलणार? निवडणूक कधी आहे?